फुकटची लस आणि ‘आम्ही प्रायव्हेटला करतो’

नमस्कार मावशी,

आम्ही मूळचे उदगीरकडचे, आता भोसरीला भाड्याच्या खोलीत राहतो. मिस्टर चाकणला एका कंपनीत ठेकेदाराकडे आहेत. गेले तर हजेरी, नाही तर नाही. मी सकाळी दोन घरी पोळ्या करते. सासूबाई आमच्याकडे असतात. दीर-जाऊ वरच्याच मजल्यावर आहेत, दीर परमनंट आहेत. माझं दुसरं बाळ आता ११ महिन्यांचं झालं, जावेचं त्याच्याहून महिन्याने मोठं.

जन्माच्या लसी सरकारी दवाखान्यात झाल्या, दीड महिन्याचा डोसही तिथेच दिला. त्या रात्री बाळ तापलं, मांडी सुजून गाठ आली. जाऊ म्हणाली, आमच्या डॉक्टरांकडे पेनलेस मिळतं, ताप येत नाही. सासूबाई म्हणाल्या, फुकटचं ते तसलंच असणार. मग ठरलं की पुढचे डोस जावेच्या डॉक्टरांकडे. त्यांनी एका वेळचा खर्च चार हजारांच्या वर सांगितला. मेमध्ये नणंदेचं लग्न निघालं, जूनमध्ये मोठीची शाळा. म्हटलं दिवाळीच्या बोनसवर करू, तर ठेकेदाराने बोनसऐवजी मिठाईचा पुडा दिला. नोव्हेंबरमध्ये आशाताई यादी घेऊन आल्या तेव्हा जाऊ शेजारी उभी होती. मी पटकन सांगून टाकलं, ‘आम्ही प्रायव्हेटला करतो.’ त्यांनी लिहून घेतलं आणि गेल्या.

गेल्या आठवड्यात मी एकटीच दवाखान्यात गेले. सिस्टरने कार्ड बघून सगळ्यांसमोर विचारलं, ‘इतके दिवस झोपला होता का?’ आणि बुधवारी या म्हणाल्या. मी परत गेलेच नाही. आता सगळं पहिल्यापासून करावं लागेल का? आणि खरं सांगा, फुकटची लस कमी प्रतीची असते का?

— एक आई, भोसरी

अगं, पहिल्यापासून काहीही करायचं नाही. हे आधी सांगते, कारण या एका भीतीपायी दवाखान्याच्या दारातून माघारी फिरलेल्या आया मी पुष्कळ पाहिल्यात. दिलेला डोस वाया जात नाही. मधे कितीही महिने गेले तरी जिथे थांबलात तिथूनच पुढे जायचं असतं. पाच आजारांची एकत्र लस पेंटाव्हॅलंट (म्हणजे पेंटा), जुलाबाची रोटा आणि न्यूमोनियाची पीसीव्ही, या तिन्हींचा पहिला डोस वर्षाच्या आत पडलेला असला की उरलेले डोस वर्षानंतरही पूर्ण करता येतात. तुझ्या बाळाला तो दीड महिन्याला पडलाय. म्हणजे सासूबाई ज्याला नावं ठेवतात, त्याच डोसाने आज तुमची वाट मोकळी ठेवली आहे.

गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाले की देतात. राहून गेला तर पाच वर्षांपर्यंत देता येतो. हे शेवटचं वाक्य वाचलंस तरी मनात ठेवू नकोस. येत्या बुधवारी जा.

बुधवारी काय होईल ते सांगून ठेवते, म्हणजे ऐनवेळी काळीज हलणार नाही. एकाच बैठकीत तीन-चार टोचण्या बसतील. डाव्या मांडीत पेंटा, उजव्या मांडीत पीसीव्ही, उजव्या दंडात गोवर-रुबेला, शिवाय दंडातच पोलिओची टोचायची लस. तोंडात पोलिओचे दोन थेंब आणि रोटाचा डोस, वर ‘अ’ जीवनसत्त्वाचं गोडसर औषध. एवढं सगळं एका दिवशी दिलेलं चालतं, बाळाला ते पेलतं. उलट एक-एक करत बसलीस तर तुझेच चार दिवस बुडतील. मग चार आठवड्यांनी दुसरी फेरी, आणि पीसीव्हीसाठी बहुधा तिसरी. पुढची तारीख कार्डावर पेनाने लिहून घेतल्याशिवाय बाकावरून उठू नकोस.

आता फुकट-विकतचं. तुझ्या प्रश्नातला ‘खरं सांगा’ मला समजला. सरकारी म्हटल्यावर रेशनच्या तांदळातले खडे ज्यांनी निवडलेत, त्यांना ही शंका येणारच. तर खरं सांगते. गोवर-रुबेलाची जी लस सरकारी दवाखान्यात मिळते ती बनवणाऱ्यांत सर्वांत मोठं नाव सीरम इन्स्टिट्यूटचं, म्हणजे आपल्या पुण्यातल्या हडपसरचं. तिथून ती जगातल्या कितीतरी देशांत जाते. आणि ही गरिबांची लस आहे म्हणावं, तर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ९४.५ टक्के मुलांनी आपल्या बहुतेक लसी सरकारी यंत्रणेतच घेतलेल्या आढळल्या. नुसत्या शहरांचं बघितलं तरी हा आकडा ८७.१ टक्के आहे. तुझ्या बिल्डिंगमधली जाऊ एकटीच तुला दिसते, कारण ती वरच्या मजल्यावर राहते.

पण माझ्या शब्दावर जाऊ नकोस, डोळ्यांनी बघ. बुधवारी सिस्टरला म्हण, ‘कुपीवरची खूण दाखवता का?’ सरकारी कुपीवर एक छोटं गोल असतं आणि त्याच्या पोटात एक चौकोन. लस नीट थंड राहिली असेल तर चौकोन पांढुरका दिसतो. कुठेतरी ऊन लागलं, फ्रिज बंद पडला, डबा उघडा राहिला की तो चौकोन काळवंडत जातो आणि परत कधी पांढरा होत नाही. चौकोन बाहेरच्या गोलाइतका गडद झाला की ती कुपी बाद. म्हणजे उत्पादन झाल्यापासून तुझ्या बाळाच्या मांडीपर्यंत त्या कुपीने किती ऊन खाल्लं, त्याची साक्ष तिच्याच अंगावर असते. खासगीत मिळणाऱ्या बऱ्याच कुप्यांवर ही खूण नसतेसुद्धा. सिरिंजही बघ. एकदा दांडा खाली दाबला की ती आतून अडकते, परत ओढता येत नाही, म्हणजे दुसऱ्या मुलाला ती वापरायची म्हटलं तरी वापरता यायची नाही. मग सिस्टर ती एका छोट्या यंत्रात घालते, ‘कट्’ असा आवाज येतो आणि सुईचं मूळ तुटून डब्यात पडतं.

राहिला ताप. इथे जाऊ खोटं बोलत नाहीये, पण अर्धंच सांगतेय. सरकारी पेंटामध्ये डांग्या खोकल्याचा जो भाग असतो तो अख्ख्या, मारलेल्या जंतूंचा असतो. ‘पेनलेस’ म्हणून जी देतात तिच्यात त्या जंतूचे फक्त निवडक तुकडे असतात. अख्खा जंतू दिसला की शरीर जरा जास्त खवळतं, म्हणून ताप, रडारड, मांडीला गाठ. सुई मात्र दोन्हीकडे सुईच असते, तिचं दुखणं काही कमी होत नाही. आणि तुकड्यांच्या लसीपासून मिळणारं संरक्षण लवकर ओसरतं. अमेरिकेने १९९० च्या दशकात सगळ्या मुलांना तीच द्यायला सुरुवात केली, आणि पुढे तिथे डांग्या खोकल्याच्या साथी परत डोकं वर काढू लागल्या, त्यामागचं एक कारण हेच धरतात. जावेच्या बाळाची लस वाईट आहे असं मी म्हणत नाही, ती चांगलीच आहे. ऐपत असेल आणि एक रात्र शांत झोपायची असेल तर माणसाने जरूर घ्यावी. पण तुझ्या बाळाला मिळाली ती कमी प्रतीची, हे साफ चूक. चार हजार मोजायचे ते मुख्यतः त्या एका रात्रीचे, हे कळल्यावर ते मोजायचे की नाही हे ठरवायला सोपं जातं.

ताप आला तर पॅरासिटामॉल, सिस्टर बाळाच्या वजनावरून सांगेल त्याच मापाने. टोचल्या जागेवर हळद, चुना, बर्फ काही नको, चोळायचंही नाही. लस दिल्यावर अर्धा तास तिथेच बसायचं. मागच्या वेळी ताप आणि गाठ एवढंच झालं असेल तर पुढचा डोस थांबवायचं कारण नाही. पण झटका आला असेल, किंवा तीन-तीन तास न थांबता किंचाळत राहिलं असेल, तर ते आधी सांग. तसं काही तुझ्या पत्रात नाही, तरी विचारून ठेवते.

आता मला जे खरं बोलायचंय ते. तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या एका वाक्यावर अडले, ‘आम्ही प्रायव्हेटला करतो.’

आशाताईच्या वहीत तुझ्या बाळाच्या नावापुढे त्या दिवशी काय लिहिलं गेलं ठाऊक आहे? ‘प्रायव्हेट’. एकदा तो शब्द पडला की ती पुन्हा तुझ्या दारात येणार नाही, तिला वाटणार काम झालं. तिकडे जावेच्या डॉक्टरांच्या फाइलीत बाळाचं नावच नाही. म्हणजे नोव्हेंबरपासून तुझं लेकरू कुणाच्याच यादीत नाही. झोपडपट्टीतलं मूल राहिलं तर निदान ‘राहिलं’ म्हणून कुठेतरी लिहिलेलं तरी असतं, पुढच्या मोहिमेत त्याला शोधत जातात. तुमच्यासारखी घरं, म्हणजे गरीब म्हणवून घ्यायची लाज वाटते आणि श्रीमंतासारखं पैसे मोजायला जमत नाही अशी, या मधल्या फटीतून मुलं अलगद खाली पडतात. पैशाने लस अडते हे सगळ्यांना माहीत आहे. लस फुकट असताना मानाने अडते, हे फारसं कुणी बोलत नाही. मी तीस वर्षं सुई धरली. ‘प्रायव्हेटला करतो’ म्हणणाऱ्या किती घरांत कार्ड मागितल्यावर कपाटं उघडायची, गादीखाली शोधाशोध व्हायची आणि शेवटी ‘गावी राहिलंय’ असं उत्तर यायचं!

म्हणून आशाताईला गाठ. जाऊ नसताना गाठ, त्यात काही वावगं नाही. सांग, ‘त्या दिवशी मी खोटं बोलले, दीड महिन्यानंतर काहीच झालेलं नाही.’ ती रागावेल असं तुला वाटतंय. उलट तिला बरंच वाटेल, बघ. राहिलेलं मूल शोधून आणणं हेच तिचं काम असतं. बऱ्याच ठिकाणी आता नोंद यू-विन या लसींच्या सरकारी ऑनलाइन यादीवर मोबाईलमध्येही होते, तिथे नाव घालायला सांग. मग तुम्ही मेमध्ये उदगीरला असा नाहीतर खोली बदलून दिघीला जा, पुढचा डोस कुठेही घेता येईल. आधार, रेशन कार्ड, भाड्याचा करार, कशासाठीही लस अडवता येत नाही. बाळ आणि कार्ड, बस्स. कार्ड हरवलं असलं तरी जा.

सिस्टरचं बोलणं तुला लागलं. लागणारच. तिने तसं बोलायला नको होतं. पण मी कुठल्या तोंडाने तिला बोलू, मीही अशीच बोलायची. एकदा ऊसतोडीच्या हंगामात एका साखर कारखान्याच्या तळावर गेले होते. बीडकडच्या टोळ्या उतरल्या होत्या, खोप्यांची रांग. एक बाई आठ महिन्यांचं पोर घेऊन आली, कार्डावर जन्मानंतरचं काही नाही. मी चढ्या आवाजात सुरू झाले. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘बाई, आम्ही नवरा-बायको मिळून एक कोयता. मी आज खाडा केला तर दोघांचा खाडा पडतोय, मुकादम उचलीतून दंड कापतोय. तुम्ही हितं आलात तर तुमचा पगार चालू, मी हितं आले तर माझा बंद.’ माझ्या हातातलं पेन तसंच राहिलं. त्यानंतर आमच्या टीमने त्या तळावरचं सत्र संध्याकाळी लावलं, गाड्या खाली करून बाया परत आल्यावर. त्याच आठवड्यात किती पोरं आली म्हणून सांगू! लस तीच, सुई तीच, फुकट तर आधीपासूनच होती.

तेव्हा तुझ्या मिस्टरांची हजेरी बुडवू नकोस. बाळाला न्यायला बापच हवा असा नियम नाही, आईसुद्धा हवीच असं नाही. सासूबाईंना पाठव! बहुतेक ठिकाणी सत्र दुपारपर्यंत चालतं, तुझ्या पोळ्या आटोपून तूही पोहोचशील. पण पहिल्या खेपेला दोघी जा, आणि कुपीवरचा चौकोन सासूबाईंना दाखवायला सांग. ‘फुकटचं’ म्हणणाऱ्या माणसाशी वाद घालण्यापेक्षा हे बरं. चौकोन स्वतः बघून आलेली सासू चार घरी जाऊन सांगते, हा माझा अनुभव आहे.

आणि ‘बुधवारी या’ हे तुला हाकलायला म्हटलेलं नव्हतं बरं का. गोवरची लस कोरड्या पुडीसारखी असते, पाणी घालून तयार करावी लागते, आणि एकदा तयार केली की चार तासांत संपवायची, उरली तर फेकायची. एका कुपीत पाच किंवा दहा मुलांचे डोस असतात. म्हणून ठरलेल्या वारी मुलं गोळा करतात. मात्र ठरलेल्या वारी गेलीस आणि तू एकटीच निघालीस, तरी तुला परत पाठवता कामा नये. एका मुलासाठीसुद्धा कुपी फोडायची, असंच आम्हाला शिकवलेलं. तसं कुणी परत पाठवलंच तर तिथल्या डॉक्टरांना भेट. भांडू नकोस, पण हलूही नकोस.

घाई का करतेय तेही सांगते. २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात मुंबईत गोवंडीकडे गोवराची साथ पेटली, मग भिवंडी, मालेगाव. लेकरं गेली. मुंबई म्हणजे काही दुर्गम पाडा नव्हे, हाकेच्या अंतरावर मोठमोठी इस्पितळं. गोवर हवेतून पसरतो. रोगी खोलीतून निघून गेला तरी दोन तासांपर्यंत तिथल्या हवेत विषाणू असू शकतो. आणि अंगावर पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासून तो पसरत असतो, म्हणजे ‘पुरळ आलेल्यापासून लांब ठेवते’ म्हणण्यात अर्थ नाही. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं झोपत असतील तर एकाला झालेला गोवर तिथे जास्त जोमाने दुसऱ्याला गाठतो. पोर अशक्त असेल तर न्यूमोनिया, जुलाब, कधी डोळ्यांवर जातं. चुकलेला डोस दोन मजल्यांवर सारखाच असतो. त्याची किंमत खालच्या मजल्यावर जास्त पडते.

त्याच पाहणीतला आणखी एक आकडा मला कायम खुपतो. वर्ष-दोन वर्षांच्या मुलांत पूर्ण लसीकरण झालेली गावांकडे ७६.८ टक्के, शहरांत ७५.५. फरक किरकोळ आहे, पण शहर मागे! पावलापावलाला दवाखाने असताना. मला विचारशील तर, गावात आशाताईला कुठल्या घरात पाळणा हलला ते न सांगता कळतं. भोसरीत खोली बदलली की माणूस यादीतून नाहीसा होतो.

पैशांबद्दल एकच. हाताशी दोन पैसे आले आणि बाळासाठी लसीवर खर्च करावासा वाटला, तर टायफॉइड, कांजिण्या अशा काही लसी सरकारी वेळापत्रकात नाहीत, त्या डॉक्टरांना विचारून घे. जे फुकट मिळतंय तेच परत विकत घेण्यात ते घालवू नकोस. आणि आधी कार्ड पूर्ण.

जावेला काय सांगायचं, हे तू विचारलं नाहीस, पण पत्रात ते पानोपानी आहे. तिने विचारलं तर ‘सरकारीत घेतलं, सगळं एकाच दिवशी झालं’ एवढं सांग आणि उलट तिलाच विचार, तुझ्या पिल्लाचा नऊ महिन्यांचा गोवर झाला का? खासगीत तो एमएमआर या नावाने देतात, गालगुंडाची लस त्यात जास्तीची असते. मी हे उगाच म्हणत नाही. दीड-अडीच-साडेतीन महिन्यांचे डोस हौसेने देऊन नवव्या महिन्याला विसरणारी परमनंट घरंही मी बघितली आहेत. दोन्ही पोरं एकाच जिन्यात रांगतात.

तुझं बाळ फेब्रुवारीतलं, म्हणजे त्याला जूनमध्ये सोळा महिने पूर्ण होतील. तेव्हा गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि पोलिओ. पहिला बूस्टर मात्र पेंटाच्या तिसऱ्या डोसानंतर सहा महिने गेल्यावरच, त्याची तारीख सिस्टरकडून लिहून घे. जून म्हणजे परत मोठीची शाळा, वह्या, रेनकोट, तुझ्या घरातला सगळ्यात ओढीचा महिना. तो डोसही फुकटच आहे. कॅलेंडरचं जूनचं पान आजच उलट आणि जिथे दुधाचा हिशोब लिहितेस त्या चौकटीत गोल करून ठेव.

— मावशी